कानसेन मामांचा डॅक

माझे मामा शहराला पाणी पुरवणाऱ्या उपसा केंद्रात पंपांवर कामाला होते. तिथे त्यांचं खरं नाव फक्त हजेरीपटात होतं. एरवी साहेबांपासून झाडलोट करणाऱ्या बाईंपर्यंत सगळे त्यांना 'कानसेन' म्हणत. मामांना गाणं अजिबात येत नसे, पण ऐकण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता.

पंपघर म्हणजे जमिनीत खोल उतरलेलं एक लांबलचक दालन. लोखंडी जिना उतरताना आधी तळपायांना थरथर कळायची आणि मग कानांना आवाज. ओळीने उभे असलेले निळे पंप, त्यांना जोडलेल्या मोटारी, आणि सगळ्यांचा मिळून एकच घुमणारा गदारोळ. शेजारच्या माणसाशी बोलायचं तरी त्याच्या कानात तोंड घालावं लागे. त्या गदारोळात मामा एक लांब लाकडी दांडी घेऊन फिरत. तिचं एक टोक पंपाच्या अंगाला टेकवायचं, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटायचे. मग म्हणायचे, "याच्या पुढच्या बेअरिंगला ग्रीस कमी पडतंय," नाहीतर, "हा पाण्याबरोबर हवा ओढतोय." पंप खोलला की बहुतेक वेळा तसंच निघे. नवीन माणूस आला की साहेब त्याला सांगत, "हे आमचे कानसेन. यांनी नुसती मान हलवली तरी पंप बंद करायचा. का म्हणून विचारायचं नाही."

मी त्या वेळी नर्सिंग शिकायला मामा-मामींकडे राहत होते, म्हणून पुढचं बहुतेक सगळं माझ्या डोळ्यांदेखत घडलं.

मामांची मुलगी, म्हणजे माझी ताई, नोकरीसाठी लांब राहायची. एकदा सुट्टीला आली तेव्हा तिने मामांसाठी काडेपेटीपेक्षा जरासा मोठा, एक काळा डबा आणला.

"बाबा, याला डॅक म्हणतात," ती म्हणाली. "संगणकात गाणं असतं ते नुसत्या आकड्यांच्या रूपात. त्या आकड्यांचा परत आवाज करायचं काम हा करतो. तुमच्या संगणकाच्या आतही असा एक भाग आहे, पण तो अगदीच यथातथा. हा लावून ऐका."

मामांनी लावून ऐकलं आणि खूश झाले. ताई परत गेली, त्याच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी स्क्रूड्रायव्हर घेऊन तो डबा उघडला.

"अहो, नवा कोरा आहे तो!" मामी ओरडल्या.

"बघतोय फक्त."

आत नखाएवढी एक काळी चिप होती आणि भोवती मोहरीएवढे काही ठिपके. मामा बराच वेळ चष्मा वर-खाली करत राहिले. "एवढंच? या एवढ्याशा किड्यात अख्खं गाणं मावतं?" त्यांना ते पटेना. पंपघरात जे काही काम करायचं ते मोठं असायचं, हाताला गरम लागायचं, उघडलं की कळायचं. इथे उघडूनही कळत नव्हतं. मग एका संध्याकाळी ताट पुढे ओढता ओढता म्हणाले, "मी करतो एक. दिसेल असा."

मामींनी माझ्याकडे पाहिलं, मी भाजीकडे.

मामांनी जे करायचं ठरवलं त्याला ते शिडी म्हणायचे. आकडे उलगडून देणारी एक तयार पट्टी त्यांनी मागवली, पण तिच्यापुढचं सगळं स्वतःच्या हाताने. रेझिस्टर म्हणजे विजेला अडवणारा तांदळाएवढा भाग. दोनच मापांचे रेझिस्टर घ्यायचे, एक दुसऱ्याच्या बरोब्बर दुप्पट. ते शिडीसारखे जोडत न्यायचे, म्हणजे प्रत्येक पायरी आपल्या वरच्या पायरीच्या निम्मा जोर देते, आणि वेगवेगळ्या पायऱ्या चालू-बंद करून कुठलाही आकडा विजेच्या रूपात उभा करता येतो. मला हे त्यांनी इतक्यांदा समजावलं की शेवटी मी समजल्याचं नाटक करता करता खरंच समजून बसले.

घोडं अडायचं ते 'बरोब्बर' या शब्दापाशी. विकत मिळणारे रेझिस्टर थोडे इकडे-तिकडे असतात. म्हणून मामांनी त्यांची पाकिटंच्या पाकिटं आणली आणि सुट्टीच्या दुपारी जेवणाच्या टेबलावर एकेक मल्टिमीटरला लावून मापायला बसले. जुळणारे एका वाटीत, न जुळणारे दुसऱ्या वाटीत. पंख्याने रेझिस्टर थंड होऊन माप बदलतं, म्हणून पंखा बंद. बोटांच्या उबेनेही बदलतं, म्हणून चिमट्याने धरायचे. आम्ही घामाघूम. मामी वैतागून म्हणाल्या, "तुमच्या डाकेपायी आमचा भाजून पापड होणार." तेव्हापासून त्या मशीनला मामी कायम डाकच म्हणत. "आज डाक उघडायची आहे का? मग टेबल पुसून ठेवते."

बिस्किटांच्या रिकाम्या पत्र्याच्या डब्यात ते सगळं बसलं. पहिल्यांदा चालू केलं तेव्हा फट् करून आवाज आला आणि उग्र धूर निघाला. वीज साठवणारा एक कपॅसिटर उलटा बसला होता. दुसऱ्यांदा नुसती खरखर. तिसऱ्या खेपेला उजवं डावीकडे आणि डावं उजवीकडे. आणि मग एका रविवारी सकाळी त्या डब्यातून एका बाईचं संथ गाणं बाहेर आलं. सरळ, स्वच्छ, नेहमीसारखं गाणं. मामा हातातला सोल्डरिंगचा पेन ठेवायचा विसरले. मामी स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "अगंबाई, आली की डाक!"

मामांना आता एकच घाई झाली. विकतचा चांगला की आपला चांगला?

त्यासाठी त्यांनी एक छोटी पेटी केली. तिच्या एका बाजूला विकतचा डॅक जोडायचा, दुसऱ्या बाजूला बिस्किटाच्या डब्यातला. मध्ये एक खटका. 'एक'वर केला की विकतचा, 'दोन'वर केला की मामांचा. मग त्यांनी तिघांना चहाला बोलावलं. केंद्रातले साहेब, ज्यांच्या घरी मोठाले स्पीकर होते. आमच्या खालच्या मजल्यावरचा शिंपी, जो दिवसभर रेडिओ लावून शिवत बसायचा. आणि समोरच्या इमारतीत गाणं शिकवणाऱ्या बाई.

सगळे सोफ्यावर दाटीवाटीने बसले. मामांनी खटका हातात धरला. "आता एक," ते म्हणाले, आणि गाणं लागलं. मग परत सुरुवातीपासून, "आता दोन."

गाण्याच्या बाईंनी मान डोलावली. "फरक आहे. पहिल्यात ती नुसती गाते. दुसऱ्यात ती ओळीआधी श्वास घेते ना, तोसुद्धा ऐकू येतो."

"खालचे स्वर दुसऱ्यात भरदार आहेत," साहेब म्हणाले. "माझ्या घरच्या सिस्टमला तोंडात मारेल असं."

शिंप्याने खूप विचार केला. "पहिला कसा, खळ घातलेल्या कॉलरसारखा. कडक. आणि दुसरा म्हणजे बऱ्याच धुण्यांनंतरचं सुती कापड. अंगाला लागतच नाही."

मामांनी माझ्याकडे पाहिलं. "दुसरा मोकळा वाटतो," मी म्हणाले, आणि मला तो खरंच मोकळा वाटला होता.

"आणि तू गं?" त्यांनी मामींना विचारलं.

"मला मेलीला दोन्ही सारखेच," मामी म्हणाल्या. सगळे हसले. "तिचं लक्ष चहाकडे," मामा म्हणाले. पण त्यांचा चेहरा असा फुलला होता, की त्या दिवशी त्यांनी कपबश्यासुद्धा स्वतः विसळल्या.

पुढचे काही आठवडे मामा कामावरून आले की खुर्चीत बसत, खटका 'दोन'वर करत आणि डोळे मिटत. ऐकता ऐकता मला हाका मारत. "हे बघ, इथे बासरी मागून येते, कळतंय? विकतच्यात ती पुढे येऊन उभी राहते."

एका सुट्टीच्या सकाळी मामा असेच बसले होते. खिडकीपाशी मामींनी इस्त्रीचं टेबल मांडलं. मी माझा पांढरा कोट घेऊन रांगेत उभी. गाणं संपून व्हायोलिन लागलं होतं.

"ऐक, ऐक," मामा डोळे न उघडता म्हणाले. "कसं गोल येतंय. कुठे टोचत नाही. शिडीची कमाल आहे ही."

"येतंय ना नीट?" मामींनी इस्त्रीला बोट लावून बघत विचारलं. "मग बरंच आहे. मला वाटलं बंद पडेल. तुमचा प्लग काढलाय मी."

"कुठला प्लग?"

"हा काय, डाकेचा. इस्त्रीला जागा नको?"

मामांनी डोळे उघडले. बिस्किटाच्या डब्यावरचा लाल दिवा विझलेला होता. डब्याची वायर जमिनीवर पडली होती. आणि व्हायोलिन वाजत होतं.

"कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते," मामा सावकाश म्हणाले. "ती उतरेपर्यंत वाजेल."

आम्ही तिघं उभे राहून ती उतरायची वाट बघत राहिलो. व्हायोलिन संपलं. पुढचं गाणं लागलं. मामींची इस्त्री तापून तिचा दिवा गेला. गाणं वाजतच होतं.

मामांनी खटक्याची पेटी उलटी केली आणि तिचे स्क्रू काढले. आत खटक्याच्या दोन पायांमध्ये एक इंचभर तांबडी तार होती. ती त्यांनीच लावली होती. पेटी बनवताना त्यांना आधी बघायचं होतं की खुद्द खटक्यामुळे आवाज बिघडत नाही ना, म्हणून त्यांनी एकच आवाज दोन्हीकडे दिला होता. ते काम झाल्यावर तार काढून तिथे आपला डॅक जोडायचा होता. तार तशीच राहिली. त्यांच्या डब्यासाठीचं भोक होतं, त्यात वायर खोचलेली होती, पण आत ते कुठेच जोडलेलं नव्हतं. खटका 'एक'वर करा की 'दोन'वर, वाजत होता तो ताईने दिलेला काळा डबाच.

म्हणजे त्या दिवशी चहाच्या वेळी मामांचा डॅक वाजलाच नव्हता. श्वास, भरदार स्वर, सुती कापड, सगळं एकाच डब्यातून आलं होतं.

मला वाटलं मामा चिडतील, नाहीतर हसतील. त्यांनी दोन्हींतलं काहीच केलं नाही. ती तार काढून तळहातावर ठेवली आणि बघत बसले. "पण मला ऐकू आलं होतं," ते म्हणाले.

"मलाही," मी म्हणाले.

"बासरी मागे गेली होती गं. खरंच गेली होती."

मामींनी इस्त्री उभी ठेवली आणि चहा टाकायला गेल्या. 'मी म्हटलं होतं' असं त्या म्हणाल्या नाहीत, तेव्हाही नाही आणि नंतरही नाही.

मामांनी पेटी नीट जोडली. परत खुर्चीत बसले. एक, दोन. एक, दोन. "आता फरक येतोय," ते म्हणाले. मग थोड्या वेळाने, "पण तेव्हाही आला होता." आणि त्यांनी सगळंच बंद करून टाकलं.

त्यानंतर मामा घरात हरवल्यासारखे फिरू लागले. कुकरची शिट्टी झाली की मामींना विचारायचे, "झाली का?" दाराची बेल वाजली की जागेवरून उठायच्या आधी माझ्याकडे बघायचे. एकदा मला म्हणाले, "तुमच्या दवाखान्यात कान तपासतात ना? मला घेऊन चल."

कान तपासणाऱ्या बाईंनी मामांना काचेच्या खोलीत बसवलं, डोक्यावर हेडफोन दिला आणि हातात एक बटण. आवाज आला की दाबायचं. मी बाहेरून बघत होते. मामा अगदी मन लावून दाबत होते, परीक्षेला बसल्यासारखे. नंतर बाईंनी कागदावरची रेघ दाखवली. खालचे आवाज उत्तम. वरचे, बारीक आवाज मात्र पार उतरत गेलेले. "इतकी वर्षं पंपांत काढलीत, आणि वयही आहे," त्या म्हणाल्या. "घाबरण्यासारखं काही नाही. फक्त एक गंमत सांगू? मी काहीच आवाज दिला नव्हता तेव्हाही तुम्ही काही वेळा बटण दाबलंत."

"नसलेला आवाज मला ऐकू आला?"

"बऱ्याच जणांना येतो. माणूस वाट बघत असला की येतो."

परतीच्या बसमधून उतरताना मामा म्हणाले, "पंपघरात मी वाटच बघत असतो गं."

आणि नेमकं त्याच सुमाराला टोकाच्या पंपाचं प्रकरण उपटलं.

हे मी मामांच्या आणि साहेबांच्या तोंडून ऐकलं. मामांनी रोजच्यासारखी दांडी टेकवली तर मागच्या बेअरिंगच्या बाजूला काहीतरी खरखरल्यासारखं लागलं. त्यांनी दांडी काढली, परत टेकवली. आहे. पुन्हा टेकवली. आहे की नाही कळेना. साहेब आले आणि त्यांनी नेहमीप्रमाणे विचारलं, "काय कानसेन, काय म्हणतोय?"

"सांगता येत नाही," मामा म्हणाले.

साहेबांना थट्टा वाटली. मग मामांचा चेहरा बघून त्यांनी कंपन मोजायचं मीटर मागवलं. मीटरचा काटा ठीकठाक. "चला, सुटलो," साहेब म्हणाले. मामा घरी आले, ताटावर बसले आणि भाकरीचा एकच तुकडा मोडत राहिले. मामी म्हणाल्या, "अहो, तुम्हाला काय वाटतं ते सांगून मोकळे व्हा. चुकलं तर चुकलं."

"काय वाटतं तेच तर कळत नाही."

दुसऱ्या दिवशी मामांनी साहेबांना गाठलं. "मागचं बेअरिंग खोलू या."

"मीटर तर ठीक सांगतंय."

"माहीत आहे. तरी खोलू या."

पंप थांबवला. फिटरने झाकण काढलं. बेअरिंग नव्यासारखं लखलखीत. सगळी माणसं मामांकडे बघायला लागली, आणि बघतोय असं दिसू नये म्हणून लगेच दुसरीकडे बघायला लागली. मामा लोखंडी जिन्याच्या पायरीवर जाऊन बसले.

पंप थांबलाच आहे तर पंप आणि मोटार एका रेषेत आहेत का तेही बघून घेऊ, म्हणून फिटरने त्या दोघांना जोडणाऱ्या कपलिंगवरची जाळी काढली. कपलिंगमधल्या रबराच्या गुट्ट्या झिजून भुगा झालेल्या, आणि एक पिन ढिली होऊन आतल्या आत आपटत होती. आणखी काही दिवस तशीच चालली असती तर तुटून उडाली असती.

"बघा!" साहेब जिन्यापाशी येऊन मामांच्या पाठीवर थाप मारत म्हणाले. "शेवटी तुमचंच खरं."

"नाही साहेब," मामा म्हणाले. "आवाज होता. पण मी म्हणालो तो नव्हता."

साहेबांच्या दृष्टीने विषय तिथे संपला. मामांचा तिथे सुरू झाला. रात्रीच्या जेवणाला मला म्हणाले, "इतकी वर्षं मी सांगायचो आणि खोलल्यावर काहीतरी निघायचं. पण जुना पंप खोलल्यावर काहीतरी निघतंच ना गं? मग मी बरोबर होतो का, की पंप जुने होते?" मामी म्हणाल्या, "थोडे तुम्ही, थोडे पंप. आता जेवा."

मामांना बहुधा त्यातूनच सुचलं. पंप खोलून बघता येतो, गाणं खोलून बघता येत नाही. पण आपण बरोबर आहोत की नाही हे दुसऱ्या कुणाकडून तपासून घेता येतं. पुढच्या सुट्टीला त्यांनी खटक्याची पेटी लांब वायर लावून पडद्याच्या पलीकडे, आतल्या खोलीत नेली. खटका मामींच्या हातात. मामींनी मनाला येईल तसा तो फिरवायचा आणि न बोलता मला बोटांनी आकडा दाखवायचा, मामांनी इकडून सांगायचं एक की दोन. मी दाराच्या चौकटीत उभी. बरोबर आलं की उजव्या वाटीत वाटाणा, चुकलं की डाव्या वाटीत.

पहिल्याच फेरीत उजवी वाटी भरली. मामा लहान मुलासारखे उड्या मारायचे बाकी राहिले होते. "कान शाबूत आहेत!"

पण आनंद संध्याकाळपर्यंतच टिकला. त्यांना शंका आली आणि त्यांनी दोन्ही डब्यांतून एकच सरळ सूर वाजवून मल्टिमीटरने मापलं. मामांचा डबा किंचित मोठ्याने वाजत होता. "हे ओळखण्यात काय मोठेपणा? जरा मोठं वाजलं की कुणालाही जास्त बरं वाटतं." त्यांनी एक रेझिस्टर टाकून दोन्ही सारखे केले. परत मामी पडद्याआड, परत वाटाणे. या खेपेला दोन्ही वाट्या जवळपास सारख्या. मामी आतून म्हणाल्या, "अहो, हे नाणं उडवण्यासारखंच झालं की."

मामा हट्टाला पेटले. ही गाणी, ती गाणी, वाद्यं, नुसतं बोलणं. काही उपयोग होईना. आणि मग अचानक, आवाज वाढवून लावलेल्या एका अगदी हळू गाण्याला ते सलग बरोबर सांगू लागले. एकही चूक नाही. मी डोळे फाडून बघत राहिले.

"कसं ओळखता?"

मामा ओशाळल्यासारखे हसले. "गाण्यावरून नाही. गाणं सुरू व्हायच्या आधी जी शांतता असते ना, तिच्यात माझा डबा घूं करतो. अगदी हळू, खालच्या सुरात. विकतचा करत नाही."

मला काहीच ऐकू येत नव्हतं. मामींनी बाहेर येऊन स्पीकरला कान चिकटवला, भुवया आवळल्या, आणि म्हणाल्या, "करतो हो. माशी अडकल्यासारखा." मामांना खालचे आवाज उत्तम ऐकू येतात, असं कान तपासणाऱ्या बाई म्हणाल्याच होत्या.

त्या दिवशी कित्येक दिवसांनी मामा पोटभर हसले. "म्हणजे माझ्या डब्याला मी ओळखतो तो त्याच्या खोडीवरून!"

खोड काढायला त्यांना फार वेळ लागला नाही. वीज कमी करणारा ट्रान्सफॉर्मर शिडीच्या अगदी कुशीत बसला होता. त्यांनी तो उचलून वेगळ्या डब्यात टाकला आणि घूं गेली. मग पुन्हा वाटाणे. दोन्ही वाट्या सारख्या. आपला डॅक आता विकतच्याइतका चांगला झाला म्हणून आनंद मानायचा, की महिनोन्‌महिने घालवून विकतच्याइतकाच झाला म्हणून वाईट वाटून घ्यायचं, हे मामांना ठरवता येईना.

त्यांनी त्या तिघांना पुन्हा चहाला बोलावलं आणि तांबडी तार बशीत ठेवून सगळं सांगितलं. साहेबांचे कान लाल झाले. "म्हणजे भरदार-बिरदार मी उगाचच..." असं काहीतरी पुटपुटत त्यांनी बिस्कीट चहात इतका वेळ बुडवलं की ते आतच राहिलं.

शिंपी मात्र मागे हटेना. "तुमची तार-बीर जाऊ द्या. मला ऐकू आलं ते आलं. पहिला कडक होता."

"अरे, पहिला आणि दुसरा एकच होता!"

"असेल. पण कडक होता."

गाण्याच्या बाईंनी कप खाली ठेवला. मग म्हणाल्या, "श्वास मी खरंच ऐकला. तो गाण्यातच असणार. पहिल्यांदा माझं लक्ष तिच्या आवाजाकडे होतं, दुसऱ्यांदा वाजलं तेव्हा मोकळं झालं, म्हणून ऐकू आला."

मामा पुढे सरकले. "मग मी आधी दोन लावला असता आणि नंतर एक, तर?"

"तर विकतचा जिंकला असता, आणि तुम्ही आम्हाला चहा दिला नसता." सगळे हसले, मामासुद्धा, पण हसून झाल्यावर त्यांच्या कपाळावरची आठी तशीच होती.

जाताना बाई दारात थांबल्या. "माझ्या वर्गासाठी असाच एक करून द्याल?"

"फरक काही पडणार नाही, बाई. विकतचा घ्या, लवकर होईल."

"विकतचा बिघडला तर बोलवायचं कुणाला?" त्या म्हणाल्या. "तुम्ही निदान समोर राहता."

मामांनी दुसरा केला. त्याही वेळी पंखा बंद, चिमटा, वाट्या, आणि मामींचं घाम पुसत बोलणं. या वेळी ट्रान्सफॉर्मर पहिल्यापासूनच वेगळा होता आणि धूर निघाला नाही. आम्ही दोघं तो बाईंच्या वर्गात लावायला गेलो. सतरंजीवर बसलेल्या मुलींनी माना उंचावून पत्र्याचा डबा पाहिला. बाईंनी त्यांच्या आवडीचं एक गाणं लावलं, आणि मुली हळूहळू त्याच्याबरोबर गुणगुणू लागल्या. मामा भिंतीला टेकून, हाताची घडी घालून उभे होते. त्यांनी डोळे मिटले नव्हते.

रस्ता ओलांडताना मी विचारलं, "कसा वाजला, मामा?"

"मला तर छान वाटला," ते म्हणाले. मग मान हलवली. "खरंच छान होता की मुली गात होत्या म्हणून, ते मात्र विचारू नकोस. मला सांगता येणार नाही."